उद्यापन नसलेले नेम

चौदा वर्षांची एक मुलगी गेल्या पावसाळ्यात आईबरोबर माझ्याकडे आली. तक्रार डोकेदुखीची. तीन महिन्यांपासून आठवड्यातून चार-पाच वेळा, बहुधा दुपारनंतर, कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखे दुखणे. उलटी नाही, ताप नाही, प्रकाशाचा त्रास नाही. चष्म्याचा नंबर नुकताच तपासून झालेला. रक्तदाब, नेत्रपटल, मज्जासंस्था, सारे निर्दोष. आपल्यापैकी कोणीही पाच मिनिटांत 'ताणजन्य डोकेदुखी' असे लिहून मोकळा झाला असता. मीही तेच लिहिले. आईचे निदान मात्र माझ्या आधीच झालेले होते. "डॉक्टरसाहेब, हे सगळं त्या मोबाईलमुळे. रात्री दीड-दीड वाजेपर्यंत खेळत बसते. तुम्हीच सांगा हिला, आमचं काही ऐकत नाही."

असे 'सांगण्याचे' काम मी गेली कित्येक वर्षे निष्ठेने करीत आलो आहे. पालक बाहेर पडताना कृतज्ञतेने हात जोडतात, मूल खाली मान घालून बसते आणि पुढचा रुग्ण आत येतो. या खेपेस तो उपदेश सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारला गेला, तोही केवळ सवयीने. झोपेचा इतिहास घेताना वेळ नेमकी विचारावी लागते. "दीडच का गं? एक का नाही, दोन का नाहीत?"

मुलीने प्रथमच मान वर केली. "दीड वाजता नवा दिवस सुरू होतो म्हणून," ती म्हणाली.

त्या उत्तराचा उलगडा होण्यास पंधरा मिनिटे लागली आणि बाहेर खोळंबलेल्या आठ-दहा पालकांचा रोष मी ओढवून घेतला. खेळाचे नाव 'गेन्शिन इम्पॅक्ट'. शांघायच्या 'मिहोयो' या कंपनीने तो २८ सप्टेंबर २०२० रोजी जगभर प्रसृत केला, म्हणजे ऐन कोरोनाकाळात. खेळ विनामूल्य आहे आणि संगणकाप्रमाणेच मोबाईलवरही चालतो. 'तेवात' नावाचे एक विस्तीर्ण कल्पित जग, त्यात डोंगर, नद्या, नगरे, आणि वाटेवर भेटणारी शेकडो माणसे. यांतील बऱ्याच जणांच्या डोक्यावर एक उद्गारचिन्ह तरंगत असते. त्याच्याशी बोलावे, की तो काही काम सांगतो: हरवलेली वस्तू शोधून आण, राक्षसांना पिटाळून लाव, उपाहारगृहातला पदार्थ गरम असेतो अमुक ठिकाणी पोचव. अशा कामाला खेळाच्या परिभाषेत 'क्वेस्ट' म्हणतात. मराठीत 'कामगिरी' म्हणावे किंवा 'मोहीम', पण मला आपल्या श्रावणातल्या कहाण्यांमधला 'वसा' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. तो का, ते पुढे येईलच.

यांखेरीज रोजची चार ठरावीक कामे असतात. ती सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे पहाटे चारला बदलतात. ही मुलगी ज्या आशियाई सर्व्हरवर खेळत होती त्याचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिकडचे पहाटेचे चार म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे दीड. शाळा, शिकवणी आणि गृहपाठ उरकून ती अकराला मोबाईल हाती घेई, 'आज'ची चार कामे दीडच्या आत संपवी आणि मग निजे. सकाळी सहाला उठणे होतेच. तेरा ते अठरा या वयाला आठ ते दहा तासांची झोप लागते हे आपण सारे जाणतो. हिच्या वाट्याला सव्वाचार येत होती. तेव्हा डोके दुपारी का दुखते, हे कोडे उरले नाही.

पण झोपेचा हिशेब लागला म्हणजे मुलीचा हिशेब लागला असे नव्हे. मी सहज विचारले, "इतकं आवडतं का खेळायला?" तिचे उत्तर मी त्याच रात्री टिपून ठेवले. "आवडायचं, डॉक्टरकाका. आता सत्तेचाळीस कामं उरलीत. उघडलं की कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. मग नुसती यादी बघत बसते. बंद केलं तरी यादी डोळ्यांसमोर येते." आई चकित होऊन तिच्याकडे पाहू लागली. मुलगी मौज मारते अशी तिची समजूत होती.

येथे एका जुन्या रुग्णाची आठवण सांगितली पाहिजे. २०१० च्या सुमारास सोळा वर्षांचा एक मुलगा याच तक्रारीसाठी आणला गेला होता. खेळ होता 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट', २००४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत सुरू झालेला आणि त्या काळी जगभर गाजलेला. मी वडिलांना एका वाक्यात सांगितले, "खेळ काढून टाका." त्यांनी त्याच संध्याकाळी घरचे इंटरनेटच तोडले. डोकेदुखी गेली नाही. मुलाने बोलणे कमी केले आणि बारावीचे वर्ष फुकट गेले. मला ते पुढे कधीतरी इतरांकडून कळले आणि मी 'अभ्यासाचा ताण' म्हणून ते मनातून बाजूला सारले. तोच मुलगा दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या तान्ह्या लेकीला लसीकरणासाठी घेऊन आला. जुना विषय निघाला तेव्हा तो हसत म्हणाला, "सर, त्या खेळात रोज काहीतरी पूर्ण व्हायचं. बाकी कुठंच काही पूर्ण होत नव्हतं. तुम्ही नेमकं तेवढंच बंद केलंत." त्याच्या स्वरात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. औषधाची मात्रा चुकली तर आपण केसपेपर पुन्हा उघडून पाहतो. सल्ला चुकला तर तो कोठेच नोंदलेला नसतो.

तेव्हा या मुलीला मी त्या दिवशी फक्त तीन आठवड्यांनी यायला सांगितले, झोपेपुरत्या दोन सूचना दिल्या, आणि घरी जाऊन मुलाकरवी तो खेळ माझ्या फोनवर घालून घेतला. पंचावन्नाव्या वर्षी हे धाडस कुटुंबात बराच काळ विनोदाचा विषय होऊन बसले. त्याचे तपशील येथे देत नाही.

रात्री अर्धा तास, असे तीन आठवडे मी खेळलो. खेळाची मूळ कथा साधी आणि हृदयस्पर्शी आहे. नायक किंवा नायिका हा एक प्रवासी, त्याचे जुळे भावंड हरवलेले, त्याला शोधायचे. मी मोठ्या उमेदीने निघालो. आठव्या दिवशी लक्षात आले, की भावंडाचा मला पूर्ण विसर पडला आहे. मुख्य कथानक ठरावीक टप्प्यावर थांबते. आपली श्रेणी वाढल्याशिवाय पुढचा अंक उघडत नाही, आणि श्रेणी वाढवायची तर इतरांची कामे करावी लागतात. ती करायला जावे तर वाटेत आणखी दोन उद्गारचिन्हे दिसतात. बाराव्या श्रेणीला रोजची चार कामे सुरू झाली. माझ्या यादीत सतरा नोंदी जमल्या आणि एका रात्री मीही तेच केले जे ती मुलगी करीत होती. फोन हाती धरून नुसता यादी पाहत बसलो. त्या क्षणी मला जे वाटले ते कंटाळ्यापेक्षा निराळे होते. ओ.पी.डी. संपल्यावर विम्याचे अर्ज, न झालेले फोन, डिस्चार्ज-कार्डे आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी जमवायचे क्रेडिट-तास एकदम आठवल्यावर जे वाटते, अगदी तेच.

यामागची योजना समजून घेण्यासारखी आहे. रोजची चार कामे केली की ६० 'प्रिमोजेम' मिळतात. नवे पात्र मिळवण्यासाठीच्या एका सोडतीला १६० लागतात. उत्तम प्रतीचे पात्र निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के, नव्वदाव्या सोडतीला मात्र ते हमखास मिळते. केवळ रोजच्या कामांवर विसंबणाऱ्याने नव्वद सोडतींची बेगमी करायची म्हटली तर २४० दिवस लागतात. एक दिवस चुकला तर त्या दिवसाचे ६० गेले ते गेलेच. दुसरीकडे 'रेझिन' नावाची शक्ती दर आठ मिनिटांना एक अशी साठत जाते आणि २०० वर थांबते. (२०२४ पूर्वी ही मर्यादा १६० होती.) म्हणजे सुमारे सत्तावीस तासांत घडा भरतो आणि पुढचे पाणी वाया जाते. शिवाय दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती आणि तिच्याबरोबर मुदतीचे नवे कार्यक्रम येतात. घरी दूध येणे बंद करता येत नाही, आणि पातेली तर मोजकीच, अशी ही अवस्था आहे.

त्या जुन्या मुलाच्या खेळात दोन सोयी होत्या, त्या त्यानेच मला समजावून दिल्या. कामांची वही मर्यादित होती. प्रारंभी तीत २० कामे मावत, पुढे २५. वही भरली की नवे काम मिळत नसे. आणि प्रत्येक कामासमोर ते सोडून देण्याचे बटण होते. हातचे एक टाकावे, मग दुसरे घ्यावे. २००७ मध्ये त्या खेळात रोजची कामे आली तेव्हा त्यांनाही दिवसाला १० अशी मर्यादा होती. ती २००८ मध्ये २५ झाली, आणि २०१२ मध्ये काढूनच टाकण्यात आली. मर्यादा उठल्यावर खेळाडू सुखावतील अशी कोणाचीही अपेक्षा असेल. झाले उलटेच. खेळ आता नोकरीसारखा वाटतो अशी तक्रार खेळाडूंनीच केली आणि पुढच्या आवृत्तीत रोजची कामे बरीच कमी करावी लागली. गेन्शिनमध्ये एकदा स्वीकारलेली कामगिरी यादीतून काढून टाकण्याची सोयच नाही. कधी एखादे पात्र दुसऱ्याच कामगिरीत अडकलेले असते आणि ती संपेपर्यंत हिचे घोडे अडते. यादी एकाच दिशेने वाढते.

हे कळले तेव्हा मला आजीचे चातुर्मास आठवले. आषाढी एकादशीला ती एक नेम धरी. एकाच वर्षी दोन नेम धरलेले मला आठवत नाहीत. एका वर्षी लाख वाती, एका वर्षी मौन भोजन, एका वर्षी आवडत्या पदार्थाचा त्याग. (वांगे चातुर्मासात वर्ज्यच असे, त्यामुळे ते सोडणे हा नेम धरला जात नसे, याबद्दल आम्हा नातवंडांचा तिच्याशी दरवर्षी वाद होई.) वाती हजार-हजारांच्या जुड्यांनी मोजल्या जात. किती झाल्या आणि किती उरल्या हे घरातल्या पोराबाळांनाही ठाऊक असे. सुतक आले तर पूजा दुसऱ्याच्या हातून करवून घेण्याची सवलत होती. कार्तिकी एकादशीनंतर उद्यापन होई, मेहूण जेवू घातले जाई आणि नेम संपे. दुसऱ्या दिवशी आजी मोकळी. घेतलेला वसा टाकायचा नसतो हे तिने आम्हांला शिकवले, पण ते शिकवणाऱ्या परंपरेने वशाला अवधी दिला होता, संख्या दिली होती आणि निरोप घेण्याचा विधीही दिला होता. या मुलीच्या हाती वसा तेवढा आला. उद्यापन कोणी दिले नाही.

मानसशास्त्रात या अनुभवाला जुना आधार आहे. बर्लिनमध्ये कुर्ट लेव्हिन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या ब्लुमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले: अर्ध्यावर तोडलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक आठवतात. पुढील संशोधकांना स्मरणाचा हा परिणाम दर वेळी सापडला नाही. त्यांच्या सहकारी मारिया ओव्हसियांकिना यांनी १९२८ मध्ये नोंदवलेली दुसरी गोष्ट मात्र अधिक टिकाऊ ठरली आहे: अर्धवट काम समोर राहिले तर माणूस कोणी न सांगताही त्याकडे परत वळतो. चिकित्सकाच्या दृष्टीने उपयुक्त भाग २०११ चा आहे. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांना असे आढळले, की अपुऱ्या कामाचे विचार मनात घुसत राहण्याचे थांबवण्यासाठी ते काम पूर्णच करावे लागते असे नाही. ते केव्हा आणि कसे करणार याचा नेमका बेत केला तरी मन बरेच शांत होते.

ही मुलगी 'गेमिंग डिसऑर्डर'ची रुग्ण होती का? १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आय.सी.डी.-११ मध्ये या विकाराचा समावेश आहे. त्याच्या निकषांत खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपुढे खेळ जाणे आणि हानी दिसत असूनही तो चालूच राहणे यांचा समावेश आहे, तेही साधारणतः बारा महिने आणि जीवनात ठळक बिघाड होईल इतके. हिचे गुण उत्तम होते, मैत्रिणी होत्या, जेवण नीट होते. तेव्हा तो शिक्का मी मारला नाही. शिक्का मारण्याची घाई आजकाल पालकांपेक्षा आपल्यालाच अधिक असते, असे माझे मत आहे.

वेळेचे बंधन हा दुसरा तयार उपाय. ज्या देशात हा खेळ जन्मला त्या चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ऑनलाइन खेळण्यास मोकळा ठेवला. झोपेच्या दृष्टीने अशा नियमाचा लाभ मी नाकारीत नाही. परंतु सत्तेचाळीस कामे डोक्यात घेऊन बसलेल्या मुलीला नुसते "एकच तास" म्हणणे म्हणजे तीच कामे एका तासात कोंबायला सांगणे होय.

तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा मी दिवसातला शेवटचा रुग्ण म्हणून तिला वेळ दिली होती. कोरा कागद पुढे ठेवला आणि खेळातली सगळी कामे दोन रकान्यांत लिहायला सांगितली: शिळी होणारी आणि शिळी न होणारी. लिहिता लिहिता ती थबकली. सत्तेचाळिसांपैकी बेचाळीस कामे शिळी होणारी नव्हतीच. ती माणसे डोक्यावर उद्गारचिन्ह घेऊन वर्षभरही तशीच उभी राहणार होती. घाई होती ती पाचांचीच, आणि पडद्यावर मात्र सगळी सारखीच ओरडत होती. मग मी तिला विचारले, की यादीतील किती कामांना खेळ एका वेळी वाट दाखवतो. "एकालाच," ती म्हणाली, आणि स्वतःशीच हसली. निवडलेल्या एकाच कामगिरीचा मार्ग नकाशावर उमटतो ही सोय खेळातच आहे. ती यादीच्या ओझ्याखाली हरवली होती.

मग मी कागद उलटला आणि मागच्या बाजूला खेळाबाहेरची कामे लिहायला सांगितली. आईने सुरुवातीला मदत केली. शाळा, दोन शिकवण्या, ऑलिम्पियाडची तयारी, कथकची मध्यमा, इंग्रजी वक्तृत्व, शनिवारचे ॲबॅकस (लहानपणी सुरू केले ते थांबवायचे राहून गेलेले), उन्हाळ्यात घेतलेले आणि अर्ध्यावर राहिलेले चित्रकलेचे काम. सतराव्या ओळीपाशी आईचा आवाज बसला. ही यादीही एकाच दिशेने वाढत गेली होती, आणि तीतून एखादी ओळ खोडण्याचे बटण घरात कोणाच्याच हाती नव्हते. मी आईला दोषी धरले नाही. धरण्याचा अधिकारही मला नाही. त्या जुन्या मुलाच्या यादीची मागची बाजू मी कधी पाहिलीच नव्हती.

ॲबॅकस त्याच दिवशी बंद झाले. त्याचे उद्यापन करा असे मी सुचवले तेव्हा आईला ती चेष्टा वाटली, परंतु पुढच्या शनिवारी त्यांनी खरोखर शिक्षिकेला पेढे नेऊन दिले. ऑलिम्पियाड पुढच्या वर्षावर गेले. यावर वडिलांशी आठवडाभर वाद झाला असे ऐकतो. खेळात मुलीने आठवड्याला एकच कामगिरी निवडायची, रोजची चार कामे शनिवार-रविवारी आणि तीही दिवसाउजेडी करायची, आणि दीड वाजता उगवणारा 'नवा दिवस' आपला नाही असे धरायचे, एवढे ठरले. पहिले दहा दिवस तिला जड गेले. बुडालेल्या प्रिमोजेमची बेरीज ती कागदावर मांडून ठेवी. मग बेरीज मांडणे राहून गेले. दिवाळीपर्यंत डोकेदुखी महिन्यातून दोनदा-तीनदा इतकी उतरली. पूर्ण थांबली असे लिहिता येणार नाही. अर्धवार्षिक परीक्षेच्या आठवड्यात ती पुन्हा आली होती.

अलीकडे ती धाकट्या भावाच्या तापासाठी आईबरोबर आली होती. भावाला तपासत असताना तिने हळूच विचारले, "काका, तुमची श्रेणी किती झाली?"

"सोळा," मी म्हणालो.

"अजून? आणि भावंड सापडलं का?"

मी म्हटले, "वाटेत एकाचा पदार्थ पोचवायचा राहिलाय."

"तो राहू दे," ती म्हणाली. "तो काही शिळा होत नाही."